एकाच बियाण्याच्या बारा पुड्या

तुंबा मी मागून आणला होता. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं सांगताना ते मऊ होत जातं. "तिनं विश्वासानं माझ्या हाती दिला" असं मीसुद्धा दोन-तीन ठिकाणी म्हणून बसले आहे. तसं झालं नव्हतं. म्हातारी नको म्हणत होती आणि मला दुपारची एसटी गाठायची होती.

आमच्या बायकांच्या गटाची बीज बँक लोहाऱ्याला आहे, एमआयडीसीच्या मागच्या बाजूला भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्यांत. गावोगाव फिरून जुनी वाणं गोळा करायची, त्यांची नोंद करायची, थोडं बी बँकेत ठेवायचं आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या बायकांना पेरायला द्यायचं, असं काम. नोंदणीचा भाग माझ्याकडं होता. तक्त्यात नऊ रकाने होते: वाणाचं नाव, रंग, पेरणी केव्हा, किती दिवसांत येतं, ताण किती सोसतं, असे. एका ओळीत एक वाण. हा तक्ता मीच आखला होता, आणि तो भरताना मला बरं वाटायचं, हेही खरं.

घाटंजीच्या पुढं टेकड्यांच्या पायथ्याशी कोलामांचं एक पोड आहे. पोड म्हणजे त्यांची वस्ती. हे वीसेक घरांचं. तिथं ही म्हातारी राहायची. घरात सुनेशी बहुतेक कोलामीत बोलायची आणि माझ्याशी वऱ्हाडीत. मी तिला माय म्हणायचे, ती मला बाई. पहिल्या भेटीतच मी तक्ता काढला.

"माय, तुमच्याकडं जुनं बी कोणकोणतं आहे?"

"एकच हाये."

"कोणतं?"

"पट्ट्याचं."

मी लिहिलं, पट्ट्याचं बी. पुढच्या आठही रकान्यांत काय लिहावं हे कळेना. रंग विचारला तर म्हणाली, सारेच रंग हायेत. किती दिवसांत येतं, तर म्हणाली, येत राह्यते. मी रेघा मारत गेले. ती माझ्या हाताकडं बघत होती. मग सुनेला म्हणाली, "हिच्या घरी मिठाच्या डब्यावर बी लिवून असन, मीठ म्हनून."

"असते कोनाकोनाकडं," सून म्हणाली. ती तिशीतली, दहावी झालेली आणि माझी बाजू घेणारी.

"आन् नवऱ्यावर?"

माझ्या मिठाच्या डब्यावर लेबल आहे. मी ते कबूल केलं नाही, पण तिला कळलं असावं, कारण त्यानंतर दर भेटीत ती नवऱ्याचं लेबल निघालं की टिकून आहे याची चौकशी करायची.

पट्टा म्हणजे तिच्या मुलाच्या कपाशीच्या वावराच्या कडेला, नाल्याच्या अंगानं गेलेली लांबट जमीन. अर्धा एकरही नसेल. तिथं म्हातारी एका तुंब्यातलं बी पेरायची. दुधी भोपळा वाळवून, आतून कोरून केलेला तो तुंबा चुलीच्या वर टांगलेला असे. आत राखेत कालवलेलं सगळं एकत्र: ज्वारी, तूर, मूग, उडीद, मटकी, बरबटी (चवळी), तीळ, अंबाडी, भेंडी, वाळूक आणि भादली हे बारीक भरड धान्य. ते मुठीनं फेकत ती पट्ट्यातून चालत जायची. ओळ नाही, अंतर नाही. मी शेतकऱ्याच्या घरातली असून पहिल्या वर्षी मला ते गबाळ वाटलं.

दुसऱ्या वर्षी वाटलं नाही. त्या वर्षी जूनमध्ये पाऊस चार दिवस आला आणि पुढं तीन आठवडे गेला. मुलाचं सोयाबीन दोनदा पेरावं लागलं. मग ऑगस्टच्या शेवटी असा कोसळला की कपाशीत पाणी उभं राहिलं आणि झाडं पिवळी पडली. पट्ट्यात मूग जळाला होता, तीळ पाण्यानं गेला होता. पण ज्वारी उभी होती, बरबटी तिच्यावर चढली होती, खाली मटकीनं जमीन झाकली होती, आणि अंबाडीची भाजी तर सून रोज खुडत होती. एक गेलं तर दुसरं होतं. मी कडेला उभी राहून मोजलं. नऊ पिकं जिवंत होती. ते मी वहीत लिहिलं. त्यांच्याकडं पावसाळ्यात भाजी विकत आणत नसत, हेही लिहिलं. त्यात कुणाला विशेष वाटत नव्हतं, मलाच वाटलं.

मुलगा वाईट नव्हता. मजूर मिळत नाहीत, निंदण परवडत नाही, म्हणून त्याला तणनाशक मारायचं होतं. नवीन कपाशी त्या औषधाला दाद देत नाही, आणि आसपासच्या सगळ्यांनी तेच धरलं होतं. पण फवारा वाऱ्यावर पट्ट्यात गेला की पट्टा करपतो, म्हणून त्याला पट्ट्यालगतची दहा-बारा तासं, म्हणजे ओळी, हातानं निंदावी लागायची. त्याचं आणि आईचं एक ठरलं होतं. त्यानं मला ते सरळ सांगितलं: "मायचं बी हाये तोवर पट्टा मायचा. इकत आनून पेरा म्हनसान तं मी नाही पेरत. मंग तिथं सोयाबीन."

एवढंच होतं. त्या तुंब्यातलं बी होतं म्हणून पट्टा होता.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये त्यांना घरकुल मंजूर झालं. जुनं घर उतरवलं. भांडी, कपडे, गोधड्या सगळं मोहाच्या झाडाखाली, वर ताडपत्री. मी गेले तेव्हा तुंबा एका खाटेखाली ठेवलेला होता आणि रात्री तिथं उंदीर फिरतात असं सून म्हणाली. आभाळही भरून येत होतं. आता एप्रिलमध्येसुद्धा गारा पडतात. मी म्हटलं, मी नेते. आमच्या खोलीत कोरडं असतं, मी पेरणीच्या आधी परत आणून देईन.

"ते घरातून भाईर जात नाही," म्हातारी म्हणाली.

"पण आता घरच कुठं आहे, माय?"

हे मी हसत म्हटलं होतं. ती हसली नाही. सुनेशी काहीतरी कोलामीत बोलली. मी घड्याळ पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, उंदरांनी खाल्लं तर काय पेराल? शेवटी तिनं तुंब्याच्या तोंडाला फडकं बांधलं, माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मिरगाच्या आंधी देजो. जसा नेला तसा."

जसा नेला तसा. हे शब्द मी ऐकले होते. मला वाटलं, फुटू नये म्हणून सांगते आहे.

घरी आणल्यावर दोन दिवस तो तसाच होता. मग त्या रेघा मारलेल्या ओळीची आठवण आली. बँकेतल्या वरिष्ठांनी त्या ओळीबद्दल दोनदा विचारलं होतं, मिश्र म्हणजे नेमकी किती वाणं? मी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि तुंबा उपडा केला.

निवडणं आमच्या हाताला लहानपणापासून असतं. तांदूळ निवडा, डाळ निवडा, मेथी निवडा. मुलगी कामाची आहे की नाही हे तिच्या निवडण्यावरून ठरायचं. तीन दिवस मी दुपारी बसून निवडत होते आणि मला इतकं शांत फार दिवसांत वाटलं नव्हतं. राख चाळून फेकली. ढीग वेगळे होत गेले. यादीत एक नाव वाढलं, कारण ज्वारी दोन तऱ्हेची निघाली: एक टपोरी, पांढरी, दुसरी बारीक, मळकट, चिमलेली. अकरा नावं होती ती बारा झाली. दुसरीतलं चांगलं म्हणून चिमूटभर पुडीत ठेवलं. उरलेली, ओंजळभर असेल, अपक्व दाणा समजून गच्चीत नेऊन चिमण्यांना टाकली. चिमण्या हल्ली कमी झाल्या आहेत म्हणून मला त्याचंही बरं वाटलं.

बारा पुड्या झाल्या. प्रत्येकीवर नाव, प्रत्येकीची तक्त्यात ओळ, सगळे रकाने भरलेले. नियमाप्रमाणं निम्मं निम्मं बी बँकेच्या डब्यांत गेलं आणि तिथं आधीच असलेल्या त्याच नावाच्या बियांत मिसळलं. चिमूट कशी निम्मी करणार, म्हणून ती बारीक ज्वारी मी सगळीच बँकेतल्या टपोरीच्या डब्यात टाकली आणि बाराव्या पुडीत वालाचे चार दाणे ठेवले, जे मुळात बरबटीत मिसळलेले होते. मी वजन केलं ते निवडून, चाळून, निम्मं दिल्यानंतर. आधी कशाचं किती होतं, ते मी लिहिलं नाही. मी किराणा आणला तरी लिहिते. ते लिहिलं नाही, कारण तक्त्यात तो रकानाच नव्हता.

मे महिन्यात शहरात एक प्रदर्शन होतं. आमच्या टेबलावर ते बारा नमुने काचेच्या बरण्यांत मांडले. एका घरातून बारा वाणं, असं म्हणून लोक थांबत होते. मला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझं नाव होतं, बँकेचं होतं. म्हातारीचं तक्त्यात शेवटच्या रकान्यात होतं, माहिती देणार म्हणून.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पुड्या घेऊन पोडावर गेले. घरकुलाच्या भिंती उभ्या होत्या, पत्रे चढले होते. म्हातारी नव्या ओट्यावर बसली होती. मी तिच्यापुढं बारा पुड्या दोन रांगांत मांडल्या आणि शेजारी रिकामा तुंबा ठेवला, स्वच्छ पुसलेला.

तिनं पुड्यांकडं पाहिलं. मग तुंब्यात हात घातला.

"हे कोनाचं व, बाई?"

"तुमचंच, माय. निवडून आणलं. हे बघा, तीळ वेगळे, मूग वेगळा..."

"माहं तं एकच होतं."

मला वाटलं ती गंमत करते आहे. मी सुनेकडं पाहिलं तर तिनं तोंडावर पदर धरला होता.

मग सुनेनं मला समजावून सांगितलं, थांबत थांबत, सासूला अधूनमधून विचारत. त्या घरात तुंबा कधी रिकामा करत नव्हते. पेरताना तळाला दोन मुठी राहू द्यायच्या. पिकं निघाली की त्या वर्षी पट्ट्यात जे चांगलं उभं राहिलं त्यातलं जास्त बी परत तुंब्यात, जे अडखळलं त्यातलं थोडं, पण काहीतरी प्रत्येकाचं. कोरड्या वर्षी मटकी वाढायची, ओल्या वर्षी अंबाडी. म्हातारी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूनं असाच अर्धा भरलेला दिला होता. कशाचं किती हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची वेळ कधी आली नव्हती. हात घातला की ते हातात यायचं.

म्हणजे तो तुंबा ही त्या घराची वही होती. इतक्या वर्षांचे पाऊस तिच्यात होते. आणि मी तिची पानं सुटी करून विषयवार लावून आणली होती.

"आता कालवू आपण," मी म्हटलं. "तुम्ही सांगा, माय, कशाचं किती. मी मोजून घालते."

"मले काय मालूम?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच माहीत नव्हतं तिला.

तरी तिनं पोतं अंथरायला लावलं. पुड्या सोडल्या. मूठ घ्यायची, टाकायची, हात फिरवायचा, थांबायचा, पुन्हा थोडं. अंदाजानं भाजीत मीठ घालतात तसं. मध्येच तिचा हात थांबला.

"बुटकी कुठी हाये?"

"कोण बुटकी?"

"जवारी. बारीक दान्याची."

मी पुड्या उगाच खालीवर केल्या. मग सांगितलं. गच्चीपर्यंत सगळं सांगितलं. सून मध्येच म्हणाली, "ताई, राहू द्या," पण मी पूर्ण केलं, कारण अर्धवट सांगितलं असतं तर मला घरी जाता आलं नसतं.

म्हातारीनं हातातली मूठ पोत्यावर सोडली. मग म्हणाली, "चिमन्याइनं तरी खाल्ली ना?"

"हो."

"तुह्यावाल्या हाताचा दोष नाही व. तुह्या हाताले निवडाची सवय." मग तिनं जे होतं ते कालवलं, राख घातली आणि तुंब्यात भरलं. तो निम्मासुद्धा भरला नाही. मी दुसऱ्या दिवशी बँकेतलं आमचं निम्मं परत नेऊन दिलं. ते तिचं होतं तसंच दुसऱ्या दहा गावांचंही होतं. वेगळं करता येण्यासारखं उरलं नव्हतं.

पाऊस त्या वर्षी फार वाईट नव्हता. पंधरा दिवसांचा खंड, मग झोडपणारा, आता असतो तसाच. यापेक्षा वाईट पावसात तो पट्टा मी उभा पाहिला होता. बुटकी म्हणजे काय ते मला सप्टेंबरमध्ये कळलं. ती कमरेएवढी वाढणारी, जाड धाटाची ज्वारी. बरबटी तिच्यावर चढते आणि ती हलत नाही. टपोरी ज्वारी डोक्याच्या वर जाते. तिला एकटीला ठीक आहे, पण बरबटीनं तिला विळखा घातला आणि वाऱ्यापावसात ती वेलांसकट आडवी झाली. खाली मटकी, उडीद सगळं दबून सडलं. मी आणि सून चिखलात उतरून धाटं उचलून बांधत होतो, सुतळीनं, पाच-पाचाची जुडी करून. दुसऱ्या दिवशी तीही पडली.

मी बुटकी शोधायला निघाले. घाटंजी, झरी, मारेगाव, खाली उमरखेडपर्यंत, जिथं जिथं आमचा संपर्क होता त्या प्रत्येक गावाचं नाव लिहून, एकेक खोडत. "होती," सगळीकडं सांगायचे. "पयले होती." एका पोडावर एक बाई म्हणाली, "कायले फिरून राह्यल्या ताई उन्हातान्हाच्या? तुमच्याच बँकेत असन ना." माझ्याकडं पाणी होतं, तरी मी तिच्याकडं प्यायला मागितलं.

बैठकीत मी सांगितलं की तक्ता बदलायला हवा, काही घरांचं बी एकत्रच नोंदवायला आणि ठेवायला हवं, आणि शक्यतो ते घरातून हलवूच नये. सगळ्यांना पटलं. संगणकातल्या नमुन्यात एका ओळीत एकच वाण बसतं, ते नंतर पाहू, असं ठरलं. मी माझ्यापुरती वेगळी वही केली आहे. तीत तीन घरं आहेत. त्या तिन्ही घरांत मी बियाला हात लावलेला नाही.

त्या वर्षी पट्ट्यातून तुंब्यात परत जाण्यासारखं फार आलं नाही. थोडी बरबटी, तूर, अंबाडी. तेवढ्यावरही सून पेरायला तयार होती. "दोन वर्सं, चार वर्सं लागतीन, पन होईन," ती मला म्हणाली. मलाही वाटत होतं की होईल, आणि मी पुढच्या मृगाच्या आधी त्यासाठीच गेले होते. मुलगा काही बोलला नव्हता. बोलायचं म्हातारीनंच ठरवलं.

"टाक आता तुहं सोयाबीन," ती त्याला म्हणाली. आम्ही तिघी आणि तो, पट्ट्याच्या कडेला.

"माय, राहू दे ना यंदा," तो म्हणाला. हे त्यानं म्हणावं याची मला अपेक्षा नव्हती. "बी हाये ना थोडकसं."

"ते बी नाही. ते पुड्याइतलं हाये."

सून तिच्याशी कोलामीत भांडली. मला शब्द कळत नव्हते, पण पट्टा तिलाही हवा होता आणि तो मिळायची तिची पाळी होती, एवढं कळत होतं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग वऱ्हाडीत, बहुधा मलाही कळावं म्हणून, म्हणाली, "मले दिलतं तसं तुले देता नाही येत मले. असं आंधळं बियाणं देऊन काय करू? पोट तं सोयाबीनच्या पैशानं बी भरते."

दोन दिवसांनी ट्रॅक्टर आला. पट्टा अरुंद, त्यामुळे जेमतेम चार फेऱ्या झाल्या. वळताना ट्रॅक्टरचं चाक नाल्याच्या काठावर चढायचं आणि ड्रायव्हर मुलाला ओरडून काहीतरी विचारायचा. म्हातारी बांधावर बसून होती. मी तिच्याजवळ बसले. तिनं माझ्या नवऱ्याची चौकशी केली नाही.

पेरणी संपल्यावर ती सुनेला म्हणाली, "दुपारी भाजी कायची व?"

"आलू आनले हायेत बाजारातून."

"आलू," म्हातारी म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.